टिंगच्या गाण्यातली रिकामी जागा

गुरुवार, १ जानेवारी

ऋग्वेदाने ख्रिसमसला ही डायरी दिली. वर म्हणाली, "ममा, यू टॉक हीप्स. थोडं लिहीत जा, माझे फोन तरी छोटे होतील." असं आईला बोलतात? ख्राइस्टचर्चला इंजिनीअरिंग शिकते, भूकंपात न पडणारे पूल बांधणार म्हणे, आणि बांध घालायला निघाली आईच्या तोंडाला!

पहिल्या पानावर नाव-गाव लिहायची पद्धत आहे. तर मी प्रमोदिनी. माहेर-सासर दोन्ही पुणे, सध्या मुक्काम माउंट रॉस्किल, ऑकलंड. फार्मसीत औषधं देते आणि लोकांच्या तक्रारी ऐकते. रमणला जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या जँडल्स अजून मागच्या दाराशी आहेत. दाराशी पुरुषाच्या चपला दिसल्या की चोर येत नाहीत, म्हणून ठेवल्यात.

मागच्या अंगणात एक सुटी खोली आहे, तिला इथे स्लीपआउट म्हणतात. तिथे ऑगस्टपासून टिंग राहते. वेन-टिंग लिन, वय तेवीस, मूळ तैवानची. गाणी स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, मँडरिनमध्ये म्हणते. आत्ताही काहीतरी वाजवतेय. एकच ओळ सकाळपासून. मला पाठ झाली, तिला पसंत पडेना.

मंगळवार, ६ जानेवारी

टिंगची भानगड आज सगळी कळली. ती इंग्रजीत बोलते, मी इथे मराठीत लिहिणार. डायरी माझी आहे.

तिचे आईवडील तिला नऊ वर्षांची असताना इथे घेऊन आले, पुढे परत गेले. तैनानला चष्म्याचं दुकान आहे. ही अकाउंटिंग अर्धवट टाकून गाते. नाइट मार्केटमध्ये गाते, लग्नात गाते, नेटवर हिची गाणी ऐकणारे बरेच आहेत, पण तेवढ्याने आईचं समाधान होत नाही. कुठल्या आईचं होतं? तर आता अठ्ठावीस फेब्रुवारीला कंदिलांच्या जत्रेत तीन तरुण गायकांना स्टेज मिळणार आहे. तैपेईच्या एका कंपनीच्या गाओबाई ऐकायला येणार आणि तिघांतून एकाला घेणार. घेतलं तर रेकॉर्ड निघेल. नाही घेतलं तर टिंगने आईला शब्द दिलाय: गाशा गुंडाळायचा, तैनानला जायचं, अकाउंटिंग पुरं करायचं.

"मग गा ना झकास काहीतरी," मी म्हटलं.

"काकू, माझ्याकडे झकास काहीच नाहीये. सगळी गाणी मी आणि माझं तुटलेलं हृदय. सगळ्यांची तशीच असतात."

मी तिला पोहे दिले. तुटलेल्या हृदयावर माझ्याकडे दुसरं औषध नाही, प्रिस्क्रिप्शनशिवाय तर नाहीच.

मंगळवार, १३ जानेवारी

उद्या संक्रांत. दिवसभर तिळगुळाचा पाक आणि फोन, दोन्ही उतू जात होते. ऑकलंडच्या मराठी बायकांचा उखाण्यांचा पुरवठा विभाग म्हणजे मी. हळदीकुंकू जवळ आलं की ऑर्डरी सुरू. या वेळची पहिली सानिका. नवी नवरी, घाबरून घाम फुटलाय. तिला दिला:

दाराबाहेर जँडल्स, अंगावर शालू,
चिरागचं नाव घेते, कार्यक्रम करा चालू.

खूश झाली. मग मंडळाच्या अध्यक्ष आशालता वहिनी. त्यांना दरवर्षी 'भारदस्त' हवा असतो. बाळासाहेबांवर भारदस्त करून करून माझं डोकं रिकामं झालंय. शेवटी पाठवला:

मिक्सर आणला पुण्याहून, अडॅप्टर बसला झटकन,
बाळासाहेबांचं नाव घेते, वाण घ्या पटकन.

"यात भारदस्त काय आहे?" म्हणाल्या. म्हटलं, मिक्सर.

टिंग लाडू वळायला बसली होती. काय चाललंय विचारलं, तेव्हा सगळं समजावलं. बायका नवऱ्याचं नाव सरळ घेत नसत, मग असं दोन ओळींत लपवून, यमकात गुंफून घ्यायचं, आणि घेईपर्यंत बाकीच्या "नाव घे, नाव घे" करून पिच्छा पुरवतात. तिचे डोळे एवढे मोठे झाले. "म्हणजे तू घोस्टरायटर आहेस?" इश्श! मी कसली रायटर.

"तुझा स्वतःचा कुठला?"

सांगून टाकलं. रमणची अट होती, दर संक्रांतीला ताजा पाहिजे, शिळा चालणार नाही. सवय लागली ती लागलीच. अजून पाक ढवळताना एक होतोच आपोआप. तो लाडवांबरोबर डब्यात टाकते आणि झाकण लावते. आता कोणाला ऐकवायचा? टिंगने लाडू मात्र लिंबाएवढे वळले मेलीने, वीस जणींचे पंधरा जणींना पुरले नसते.

रविवार, १८ जानेवारी

हसून हसून गाल दुखतायत.

हळदीकुंकू झालं, कम्युनिटी हॉलमध्ये. डबे उचलायला टिंगला बरोबर नेलं होतं. बायकांनी तिला लगेच आत ओढलं. कुंवार मुलगी, तिला हळदकुंकू लावलं, वाण म्हणून मोजायच्या कपांचा सेट दिला, केसांत गजरा. ऑकलंडला मोगरा कुठला, सानिकाच्या अंगणातल्या स्टार जॅस्मिनचा केला होता. वास मात्र खरा.

मी स्वयंपाकघरात होते. वहिनींनी आल्या आल्या नेहमीप्रमाणे विचारलं, "प्रमोदिनी, आतलं तू बघशील ना?" आतलं माझ्याइतकं चांगलं कोण बघतं? बटाटेवडे कुरकुरीत राहिले ते काही आपोआप नाही. तिथल्या खिडकीतून सगळं दिसतं. सानिकाचा शालू-चालू हिट झाला. मिक्सरला तर टाळ्या. वहिनी भारदस्तपणे लाजल्या.

मग सगळ्यांनी टिंगला घेरलं. "नाव घे, नाव घे!" ती म्हणे मला नवरा नाही. बायका म्हणे मग होणाऱ्याचं घे. शेवटी पोरीने मोजायचा कप उचलला, टेबलावर ठेका धरला आणि मँडरिनमध्ये दोन ओळी गायल्या. जागेवर रचल्या हो! आणि जिथे नाव यायचं तिथे एकदम गप्प. नुसता कप, टक टक टक टक. मग पुढे सुरू. हॉल वेडा झाला. बायका त्या रिकाम्या जागेत नावं ओरडायला लागल्या. केविन! रणवीर! एकीने तर स्वतःच्या डेंटिस्टचं नाव ओरडलं, आता ते का ते तिलाच माहीत. मी खिडकीतून झारा आपटत होते.

गाडीत टिंग म्हणाली, "सगळ्यांना 'नाव घे' म्हणाल्या. तुला कोणीच नाही म्हणालं."

"अगं, मी आत होते ना. वडे जळले असते."

सोमवार, १९ जानेवारी

टिंगला गाणं सापडलं! सकाळी कामावर निघाले तर ही अंगणात अनवाणी नाचतेय. हळदीकुंकवाचंच गाणं करणार. मँडरिन पॉप, मध्ये आपलं "नाव घे, नाव घे", आणि नावाच्या जागी चार ठोके रिकामे. पूर्ण दिवस फार्मसीत माझा पाय थिरकत होता. एका आजोबांना रक्तदाबाची गोळी देताना "नाव घ्या" म्हणाले. त्यांनी बिचाऱ्यांनी स्पेलिंगसकट सांगितलं.

शनिवार, २४ जानेवारी

आज गाणं पूर्ण ऐकलं. कीबोर्डवर इंद्रनील आला होता, लोअर हट गावच्या मराठी डॉक्टरांचा मुलगा, इथे युनिव्हर्सिटीत असतो. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. चाल अशी उड्या मारणारी की माझ्या हातातला चहा सांडला. मग टिंगने अर्थ सांगितला आणि मी चाट पडले. लिहून ठेवते:

एक बाई सगळ्यांसाठी नावं शिवते,
एक नाव गोड डब्यात झाकून ठेवते.
दाराशी चपला दोन, पायांवाचून,
पाऊस आला की ती घेते आत आणून.

यमक मी जुळवलं, बाकी तिचंच. एवढ्याशा मुलीला हे सुचतं कुठून? पायांवाचून चपला! आता माझ्या लक्षात आलं. हिचं कोणावर तरी प्रेम होतं आणि तो जँडल्स टाकून पळाला. रिकामी जागा त्याचीच, नाव घ्यायची हिंमत होत नाही बिचारीची. चपला आत घ्यायचं मात्र अगदी पटलं, मीही रमणच्या जँडल्स पाऊस आला की आत घेते. रबर खराब होतं म्हणून.

इंद्रनीलवर माझा संशय आहे. त्याला बाजूला घेऊन लाडू दिला आणि विचारलं, "तुझ्या जँडल्स कुठे असतात रे?" पायांकडे बघून म्हणाला, "अं, ऑन माय फीट, काकू?" हुशार आहे. कबूल होणार नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

स्टेजवर टिंगच्या मागे टाळ्या वाजवायला आणि कोरस म्हणायला मराठी बायका हव्यात. ही कल्पना तिची, घोळ माझा. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला तर आठ जणी तयार. आज आमच्या हॉलमध्ये पहिली तालीम. मँडरिनची एकच ओळ आहे, "ज्याओ ता द मिंग-ज़", म्हणजे त्याचं नाव घे. त्यात म्हणे सूर चुकला की शब्द चुकतो. मी सगळ्यांना हातवारे करून दिले, इथे खाली आपटायचं, इथे सपाट, इथे वर चढायचं. तासाभरात टिंग टाळ्या पिटायला लागली.

वहिनींना सगळ्यांत छान जमतं, हे मान्य करावं लागेल. बाळासाहेब गाडीत बसून वाट बघत होते, ते शेवटी आत येऊन म्हणाले, "घरी पण हेच चाललंय. मला चिनी भाषेत हाका येतायत."

तालमीत "नाव घे" पहिली मी म्हणते आणि मग बाकीच्या. टिंगचा आग्रह. माझा आवाज अजून बरा आहे असं सानिका म्हणाली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

वाइटांगीची सुट्टी. सगळे पोहायचे टॉग्ज घालून समुद्रावर, आणि आमच्याकडे सुतक.

गाओबाईंना टिंगने गाणं पाठवलं होतं. त्यांचा निरोप आला. गाणं आवडलं, बायका आवडल्या, पण ती रिकामी जागा नको. ऐकणाऱ्याला वाटेल फाइलच बिघडली. तिथे 'तू' घाल, नाहीतर दुसरं गाणं म्हण.

टिंग मागच्या पायरीवर बसली होती, जँडल्सच्या शेजारी. मी म्हटलं, अगं घाल की 'तू'. एक तर शब्द आहे. मग मी माझा सगळा पुरवठा विभाग उघडला, नावांची रांग लावली. ती नुसती मान हलवते.

"काकू, ती जागा माझी नाहीये. मी कशी भरू?"

"मग कोणाची आहे?"

माझ्याकडे इतका वेळ बघत बसली की मी ओठांना काही लागलंय का ते पुसून पाहिलं. मग म्हणाली, "ज्याची आहे त्याला सांगून उपयोग नाही. त्याचं त्याला कळलं पाहिजे."

देवा! तो लग्न झालेला तर नसेल?

संध्याकाळी ऋग्वेदाला फोन करून सगळं सांगितलं, गाण्याचा अर्थही. तर म्हणाली, "ममा, आर यू सीरियस? तुला खरंच कळत नाहीये कोणाबद्दल आहे?" म्हटलं, इंद्रनील नसेल तर सांग. ती हसायला लागली आणि मग हसता हसता नाक ओढत होती. सर्दी झालीय वाटतं, आलं-मध पाठवायला पाहिजे.

एक लिहिते, ते टिंगला सांगणार नाही. ती गेली तर हे घर परत गप्प होईल. रमण गेल्यापासून मी स्वतःशी किती मोठ्याने बोलायला लागले होते, ते ती आल्यावर कळलं. तिने 'तू' घालावं आणि राहावं. कलेचं काय ते नंतर बघता येईल.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

चिनी नवं वर्ष. टिंगने डम्पलिंग केली, मी पुरणपोळी. दोन्हींच्या घड्या घालण्यावरून दोघींनी एकमेकींना नावं ठेवली. मग तिच्या आईचा व्हिडिओ कॉल. चष्म्याच्या दुकानवाल्या बाई, आणि स्वतःचा चष्मा सेलोटेपने चिकटवलेला! माझ्याशी बरंच काही बोलल्या. टिंगने भाषांतर केलं, "आई म्हणतेय, ही काकू जाडी करतेय तुला." मी म्हटलं, धन्यवाद सांग.

फोन ठेवल्यावर टिंग म्हणाली की तिने ठरवलं. 'तू' घालणार नाही. जागा रिकामीच ठेवून गाणार, मग गाओबाई काय करायचं ते करू देत.

"आणि परत जावं लागलं तर?"

"तर हेच गाणं गाऊन गेले असं होईल."

मला राग आला. असला हट्ट? मग पोरगी पुरणपोळीवर तूप ओतत बसली आणि माझा राग उतरला. रमणही असाच होता. प्रमोशन नको पण बॉसचं ऐकणार नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

शेवटची तालीम आशालता वहिनींकडे. नऊवारी ठरल्या, नथी ठरल्या, खाली स्नीकर्स, कारण स्टेजवर उड्या आहेत. वहिनींनी कोण कुठे उभी ते ठरवलं. आठ सवाष्णी, दोन ओळी. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "प्रमोदिनी, विंगेत आपल्या पर्सा कोणीतरी सांभाळायला हव्यात. दागिने, फोन, गाडीच्या किल्ल्या. तुझ्यासारखं विश्वासाचं कोण आहे?"

मुद्दाम नाही म्हणाल्या. मुळीच नाही. हळदीकुंकवाचा देखावा, तर सवाष्णीच पुढे असायच्या, हे त्यांच्या हातापायात बसलंय आणि माझ्याही. मी पटकन "हो हो, मी बघते" म्हटलं. सानिकाने तोंड उघडलं होतं, मीच तिच्या हातात चकली दिली.

निळी नऊवारी काल इस्त्री करून ठेवली होती. परत कपाटात ठेवली. वाईट वाटलं. बरंच वाटलं. लिहिलं, आता बस्स. टिंगला काही सांगितलं नाही, तिला आधीच टेन्शन आहे.

रविवार, १ मार्च

कुठून सुरू करू? चहा दोनदा केला आणि दोनदा गार केला.

काल संध्याकाळी पाच वाजता आम्ही मैदानावर. केवढे कंदील! ड्रॅगन, मासे, एक भलामोठा किवी पक्षी. ऊन अजून होतं त्यामुळे ते पेटलेले नव्हते, नुसते फुगून बसले होते. आमच्या आठ जणी नऊवारी आणि स्नीकर्समध्ये निघाल्या तर लोक ड्रॅगन सोडून त्यांचे फोटो काढायला लागले. बाळासाहेब पुढे वाट करत होते, "एक्स्क्यूज मी, आर्टिस्ट्स!"

गाओबाई पुढच्या रांगेत. लहानशा, पांढरा शर्ट, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. टिंगच्या आधी दोघं जण गायले. छान गायले मेले.

मी विंगेत. दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत पर्सा, गळ्यात वहिनींची ती भलीमोठी बॅग. टिंग स्टेजवर जाताना माझ्याजवळ थांबली, माझ्या रोजच्या पंजाबी ड्रेसकडे बघितलं, पर्सांकडे बघितलं. "काकू, साडी?" मी म्हटलं, पळ, तुझं नाव पुकारतायत.

आणि गायली! काय गायली! इंद्रनीलने पहिला सूर धरला आणि आमच्या बायकांनी टाळी दिली, तशी सगळी गर्दी उठून उभी राहिली. "नाव घे, नाव घे!" चिनी आज्या ओरडतायत, माओरी पोरं ओरडतायत, एक पोलीसवाली ओरडतेय. "ज्याओ ता द मिंग-ज़" तर वहिनींनी असं लावलं की टिंगसुद्धा वळून बघायला लागली. पहिल्यांदा रिकामी जागा आली, चार ठोके, लोकांनी आपापली नावं भरली. दुसऱ्यांदाही. मी पर्सांसकट नाचत होते.

तिसऱ्यांदा जागा आली. चार ठोके झाले आणि टिंगने गाणं पुढे नेलंच नाही. हात वर केला. इंद्रनील एकच सूर धरून बसला. गर्दी शांत. मला वाटलं विसरली! अगं बाई, विसरली! गेली रेकॉर्ड, गेली तैनानला! मी विंगेतून ओठ हलवून पुढची ओळ सांगायला लागले.

ती माझ्याकडे वळली आणि माइकमध्ये, चक्क मराठीत म्हणाली, "काकू, नाव घे."

मी मागे बघितलं. मागे अग्निशामक यंत्र होतं.

"काकू. नाव घे."

आणि तेव्हा, इतक्या सगळ्या आठवड्यांनी, या फार्मासिस्टबाईंच्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यांसाठी नावं शिवणारी बाई. गोड डबा. दाराशी चपला. अहो, त्या चपला आमच्या मागच्या दाराच्या होत्या! आणि मी इंद्रनीलला लाडू चारून चौकशी करत होते! गाढव. शुद्ध गाढव.

मी मान हलवली, नाही, नाही म्हणून. तेवढ्यात वहिनी रांग सोडून विंगेत आल्या. नथ वाकडी, डोळे भरलेले. माझा दंड धरला. "अगं, माझंच चुकलं. दरवर्षी चुकलं. चल आधी." आणि ढकललंच मला. पर्सा काढायच्या राहून गेल्या.

अशी मी गेले स्टेजवर. पंजाबी ड्रेस, नऊ पर्सा, केस विस्कटलेले. समोर हजारो माणसं. टिंगने माइक हातात दिला. मागून आठ जणी सुरू झाल्या, "नाव घे, नाव घे," आणि मग सगळं मैदान. रमण असता तर म्हणाला असता, ताजा हं, शिळा नको. डब्यात होते ते सगळे एकदम आठवले आणि एकही तोंडात येईना. मग आपोआप आला, पाक ढवळताना येतो तसाच:

सहा वर्षांचे उखाणे साठवले डब्यात,
रमणचं नाव घेते, माइक माझ्या ताब्यात!

बरोबर चार ठोक्यांत "रमणचं नाव घेते" बसलं. इंद्रनीलला कळलं म्हणून तो कीबोर्डवरच आडवा झाला, मराठी समजणारे ओरडले, आणि बाकीचे नुसतेच ओरडले. कळलं नाही तरी कळलं असेल. मी रडत होते आणि हसत होते आणि कोणाची तरी पर्स वाजत होती, आत फोन होता. सानिकाची. चिराग विचारत होता, पार्किंग कुठे मिळालं?

ऋग्वेदा लाइव्ह बघत होती. मेसेज: "ममा, मी लायब्ररीत रडतेय, एव्हरीवन इज स्टेअरिंग. बाबा वुड हॅव लव्ह्ड इट." म्हणजे त्या दिवशीही तिला सर्दी नव्हतीच, मीच ठरवून टाकलं होतं.

गाओबाई तशाच उठून गेल्या. चेहऱ्यावरची माशी हलली की नाही, ते मला पर्सांमुळे दिसलं नाही. टिंगला विचारलं, आता काय होणार? म्हणाली, "माहीत नाही काकू. झालं ते स्वीट ॲज, एकदम झकास." आणि माझ्या गळ्यात पडली, तिथे आधीच वहिनींची बॅग होती.

बुधवार, ४ मार्च

घेतलं! घेतलं! टिंगला घेतलं!

गाओबाईंचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. टिंग धावत फार्मसीत आली, रांगेतल्या लोकांना ओलांडून काउंटरवर चढायच्या बेतात. रिकामी जागा तशीच ठेवायची, असं त्या स्वतःच म्हणाल्या. रेकॉर्डवर चार ठोके रिकामे, आणि जिथे कार्यक्रम होईल तिथे ऐकणाऱ्यांतलं एक माणूस वर बोलवायचं. टिंग एप्रिलमध्ये तैपेईला रेकॉर्डिंगला जाणार, महिनाभर. स्लीपआउट सोडणार नाही, तसं तिने आधीच बजावलं. वर म्हणाली, गाण्यावर शब्द लिहिणारी म्हणून दोन नावं येणार, दुसरं माझं. मी म्हटलं, अगं, मला एक अक्षर मँडरिन येत नाही. रांगेतल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. तेच ते, रक्तदाबवाले.

तिच्या आईनेही फोन केला. त्यांना नवऱ्याचं, म्हणजे चष्मेवाल्यांचं, नाव घ्यायला एक उखाणा हवाय, शुक्रवारी लग्नाचा वाढदिवस आहे. त्यांचं नाव ग्वो-श्योंग. यमक सापडेना! बघते.

आणि आत्ता आशालता वहिनींचा फोन. आधी बराच वेळ हवापाणी. मग म्हणाल्या, "पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू तुझ्याकडे ठेवू या का गं?" मी म्हटलं, ठेवू की. मग जरा थांबून, "माझा उखाणा या वेळी तरी भारदस्त कर हं. मिक्सर नको."

"करते. पण वहिनी, पहिलं नाव मी घेणार."

"मग काय तर!" म्हणाल्या. "वडे बाहेरून मागवू."

पाऊस आला. जँडल्स आत घेऊन येते. रबराचं निमित्त आता पुरे.